मी माझी साक्ष फिरवली

आमच्या मंडळीत मला आता माघारी 'फितूर' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण मी तोंडाळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोर्टात साक्षीदार उलटला की तो फितूर झाला म्हणतात. मी उलटले, हे खरं. पण कशावरून आणि का, हे सांगणारे अर्धंच सांगतात, म्हणून पुरतं मी लिहिते आहे. क्षयाच्या गोळ्या चालू असताना ज्यांना बरं वाटू लागलंय आणि ज्यांच्याभोवती चांगली, देवभीरू माणसं जमली आहेत, त्यांनी तर हे वाचावंच.

माझं नाव रूथ. वय सत्तेचाळीस. सोनपेठ तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. नवरा याकोब गवंडीकाम करतो. आम्ही ख्रिस्ती. गावात आमची वीसेक घरं आणि वस्तीच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं एक चर्च. या सगळ्या घरांना मिळून आम्ही 'मंडळी' म्हणतो. कोणाकडे पाहुणे आले की मंडळीतून खुर्च्या जातात, कोणाचं सोयाबीन काढायचं राहिलं की मंडळीतले चार विळे जातात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही माणसंच वाईट. वाईट असती तर मला एवढा राग आला नसता.

थुंकीची डबी

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे वाक्य मी गावातल्या प्रत्येक आईला ऐकवलं आहे. मी स्वतः दोन महिने खोकत होते. खडूची धूळ असेल, ज्वारीच्या खळ्याची धूळ असेल, असं म्हणत होते. संध्याकाळी अंग तापायचं, तर म्हणायचे दिवसभर लेकरांमागे धावून थकवा आला. शेवटी याकोबनेच हाताला धरून सोनपेठला दवाखान्यात नेलं.

तिथल्या माणसाने झाकणाची डबी हातात दिली. अशा डब्या मी दुसऱ्यांच्या हातात कितीदा दिल्या होत्या! तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद बघितला. वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही. बरं वाटलं तरी सोडायचं नाही."

मला हसू आलं. ते माझंच वाक्य होतं.

मग अंगणवाडीची लेकरं आठवली आणि हसू जिरलं. त्यांना मी खिचडी भरवली होती, नाकं पुसली होती. सगळ्यांची तपासणी झाली आणि कोणालाच काही निघालं नाही. पण ते कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्या दिवशी कागद घेऊन बसस्टँडवर आलो, तर याकोब नुसतं म्हणाला, "चल, आदी जेवू." भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

लाल ठिपका

त्याच संध्याकाळी मंडळी घरी आली. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब आले. तरुण माणूस, गोड गळा, मोटरसायकलवर तीन गावांच्या मंडळ्या सांभाळतात. त्यांनी प्रार्थना केली आणि खरंच मला बरं वाटलं. मग सालोमीकाकू पुढे सरकल्या. बायकांच्या शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेच्या त्या पुढारी. त्यांचा शब्द आमच्याकडे सहसा कोणी मोडत नाही.

"रूथ, मनात कुनाबद्दल अढी हाय का? बग आटवून. कबूल केलं म्हंजी मोकळी हुतीस."

मी इतकी गांगरले की खरंच आठवत बसले. भावजयीच्या एका साडीवरून मला एकदा वाईट वाटलं होतं, तेसुद्धा सगळ्यांसमोर कबूल केलं. जंतूला माझ्या भावजयीच्या साडीशी काय देणंघेणं, हे त्या वेळी सुचलंच नाही. ते सुचलं दुसऱ्या दिवशी भांडी घासताना. राग मला नेहमी उशिराच येतो, पण आला की मुक्कामाला येतो.

महिन्यातून एकदा आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. स्टीलचा एकच मोठा पेला सगळ्यांच्या हातातून फिरतो. त्या महिन्यात त्याच्या शेजारी एक छोटा पेला होता. तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. तो फक्त माझा.

पेला वेगळा हवाच होता. मला विचारलं असतं तर मीच आणला असता, ठिपकाही मीच दिला असता. पण कोणी विचारलं नाही. पेला समोर आला तेव्हा सगळे खाली मान घालून प्रार्थनेत होते. डोळे मिटायला आम्हाला प्रार्थना फार उपयोगी पडते.

आमेन

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी शेंदरासारखी होऊ लागली. याकोब घाबरला, गोळीचाच रंग तो, असं मी त्याला समजावलं. दोन महिन्यांत खोकला गेला, भूक लागू लागली, ब्लाउज पुन्हा अंगाला बसू लागले. थुंकी तपासली तर स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. आता पुढचे चार महिने."

हे मी आनंदाने पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "ताई, प्रभूने केलेलं झाकून ठेवायचं नसतं. रविवारी साक्ष द्या."

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. उपासनेत ज्याला देवाचा अनुभव आला त्याने उठून सगळ्यांसमोर सांगायचा, ही साक्ष. हरवलेली म्हैस सापडली, मुलगी बाळंतपणातून सुटली, दारू सुटली. ऐकून झालं की सगळी मंडळी मिळून 'आमेन' म्हणते, म्हणजे असंच असो, खरं आहे. त्या एका आमेनने वर्षभराचा शीण जातो. मी कितीतरी साक्षींना घसा फोडून आमेन म्हटलं आहे.

रविवारी मी उठले आणि म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं." चार महिन्यांच्या गोळ्या बाकी आहेत, हे मी म्हणाले नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तसं कोणीच म्हणत नाही. म्हैस सापडल्याची साक्ष देताना म्हशीला खुंटा नवा आणायचाय, असं कोणी सांगतं का? पत्रा हलेल एवढा मोठा आमेन झाला. कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ते गावोगावच्या मंडळ्यांत पोचलं. मला परक्या बायांचे फोन येऊ लागले. ताई, आमच्यासाठी प्रार्थना करा. मी फुलून गेले, हे कबूल करते.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला छोटा पेला होताच. तळाला लाल ठिपका. साक्षीपुरती मी बरी होते, पेल्यापुरती आजारी.

ज्वारीचा डबा

त्या प्रभुभोजनानंतर तीन-चार दिवसांनी सालोमीकाकू सकाळीच आल्या. मी खिडकीतली गोळ्यांची पट्टी काढून तळहातावर गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी हात बघितला, मग माझं तोंड बघितलं.

"अगं, अजून गोळ्या खायलीस? मग त्या दिवशी साक्ष कशाची दिलीस?"

एवढंच बोलून चहा पिऊन गेल्या. त्यांना काही वावगं वाटलं नसेल. पण ते वाक्य माझ्या घरात राहिलं. खोटी साक्ष देऊ नये, ही आम्हाला लहानपणापासून पाठ असलेली आज्ञा. देवाने बरं केलं असं मी शपथेसारखं बोलले होते. आता गोळी घेतली तर ते खोटं, आणि नाही घेतली तर खरं. माझ्या डोक्याने असा हिशेब मांडला. मी अंगणवाडी सेविका, भिंतीवर क्षयाची पत्रकं स्वतःच्या हाताने चिकटवणारी!

आधी मी पट्ट्या ज्वारीच्या डब्यात लपवल्या आणि चोरून घेऊ लागले. चोरून घेतलेली गोळी घशात अडकते. आठवड्याभरात तीही सुटली. गावातल्या रुग्णांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारी आशाताई विचारायला यायची, "घ्यायलाव ना ताई?" मी म्हणायचे, "हो गं, न चुकता." तिने माझ्याकडून कधी रिकामी पट्टी मागितली नाही, कारण माझ्यावर अविश्वास दाखवायचा कसा? हा सगळा राग दुसऱ्यांवर काढून मी सुटणार नाही, हे मला कळतं. तिच्याशी खोटं मीच बोलले.

पाचव्या महिन्यात खोकला परतला. मी तो पदराखाली दाबला, रविवारी बाकाच्या टोकाला खिडकीशी बसू लागले. साक्ष दिलेल्या बाईने खोकायचं कसं?

माझं बिंग फोडलं ते गिरणीने. याकोब डबा तसाच उचलून दळायला घेऊन गेला. गिरणीवाल्याने ज्वारी पालथी केली आणि ओरडला, "अवो याकोबभाऊ, ज्वारीत दवाखाना कामून टाकलाय?" बाजाराचा दिवस, दळणाची रांग. सगळ्यांच्या देखत माझ्या नवऱ्याने ज्वारीतून एक एक पट्टी वेचून खिशात घातली.

घरी येऊन त्याने त्या पट्ट्या माझ्यासमोर मांडल्या. एक सोडली तर एकाही पट्टीला हात लागलेला नव्हता. मी साक्षीचं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "देवानं बरं केलं म्हन्तीस. बरं. मग देवाला गोळीचं वावडं हाय का?"

त्या आठवड्यात बेडक्यात रक्त आलं.

चारठाण्याची आजी

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात मला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. तपासण्यांत कळलं की जंतू आता साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणजे औषधं जास्त, जड आणि जास्त महिन्यांची. मळमळ, सांधेदुखी, कानात सतत रातकिडे. अंग काळवंडत गेलं. याकोब म्हणायचा, "उन्हात काम मी करायलोय अन् काळी तू पडायलीस." हसता हसता मला खोकला यायचा आणि तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा. मी मेले तर, हा विचार त्याने एकदाही बोलून दाखवला नाही. मी मात्र दाखवला. मुलगी बाळंतपणाला यायची होती, तिचं कोण करणार, हे मला आतून खात होतं.

वॉर्डाची शिस्त सोपी होती. खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, थुंकी डबीत, सिस्टरच्या समोर गोळी. शेजारच्या खाटेवर चारठाण्याची एक धनगर आजी होती. गोळ्या हातात आल्या की ती आपल्या देवाचं नाव घ्यायची, कपाळाला लावायची आणि गपकन गिळायची. तिच्या देवाने तिला गोळी बंद कर म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्याही देवाने सांगितलं नव्हतं! सांगितलं होतं माणसांनी, आणि तेही चहा पिता पिता.

पाळकसाहेब एकदा आले. खिडकीबाहेर उभं राहून प्रार्थना केली. मग म्हणाले, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, ताई. साक्ष दिल्यावर सैतान जास्त त्रास देतो."

आजारपणात मला पुष्कळ बोललं गेलं, पण अंगाची अशी आग कधी झाली नव्हती. मी मास्क खाली ओढला, सिस्टर ओरडली म्हणून परत वर केला आणि मास्कातूनच म्हणाले, "साहेब, विश्वास कमी पडला असता तर मी गोळ्या खाल्ल्या असत्या. कमी न्हाई पडला, म्हणून इथं आलेय."

ते गेले. त्यांनी आणलेली केळी सिस्टरने आत आणून दिली. मी ती आजीला दिली.

आ कर

शुक्रवारच्या प्रार्थनेत माझं नाव दर आठवड्याला घेत होते, असं मंडळीतल्या बायका मला फोनवर सांगायच्या. माझी खात्री आहे, घेत असतील. पण परभणीपर्यंत डबा घेऊन आली ती एकटी शांताबाई.

शांताबाई आमच्या मंडळीतली शेळ्या राखणारी म्हातारी. विधवा. वाचता येत नाही, त्यामुळे बायबलमधलं वचन सांगता येत नाही. प्रार्थनेतही दोन वाक्यांपुढे गाडी जात नाही, म्हणून तिला कधी कोणी पुढे बोलावलं नाही. माझ्या साक्षीला सगळ्यात मोठा आमेन तिचाच होता. ती आठवड्यातून एकदा शेळ्या शेजारणीवर सोपवून एसटीने यायची. एकदा पोखर्णीच्या फाट्यावर गाडी बंद पडली, तर ती उन्हात दुसऱ्या गाडीची वाट बघत बसली आणि आली. फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. यायची आणि म्हणायची, "खा." बस, एवढंच वचन.

मी घरी आल्यावर ती रोज सकाळी आठला दारात येऊ लागली. शेळ्या अंगणात उभ्या करायची आणि मला म्हणायची, "आ कर." मी गोळ्या घ्यायचे. "आता जीब वर कर."

"अवं शांताबाई, मी काय लहान लेकरू हाय का?"

"लेकरू बरं. शेळीला जंताची गोळी देती मी, तर ती गालात धरती अन् मागून थुकती. तू तर ज्वारीत पुरलीस. शेळीपरीस जरा जास्तच शानी हायस तू."

मग ती डोळे मिटायची. "प्रभू, आजची गोळी आत गेली. उद्याचीबी जाऊ दे. आमेन." आणि शेळ्या घेऊन नदीकडे जायची. पाऊस असो, तिचा गुडघा सुजलेला असो, ती आली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. आमच्या चर्चमध्ये सहभागितेवर, म्हणजे एकमेकांना धरून राहण्यावर, किती प्रवचनं झाली! मला ती कळली अंगणात, शेळ्यांच्या लेंड्यांत उभं राहून, जीभ वर करून.

पुढच्या रविवारी

माझे उपचार संपत आले होते. थुंकी कधीचीच स्वच्छ होती आणि मास्क लावून मी उपासनेला जाऊ लागले होते. लाल ठिपक्याचा पेला तसाच. अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "पुढच्या रविवारी आपली कोमल साक्ष देणार आहे. प्रभूने तिला दोन महिन्यांत बरं केलंय."

कोमल म्हणजे सालोमीकाकूंची सून. बावीस वर्षांची, हसरी. तिचा खोकला मीच ओळखला होता आणि मीच तिला तपासायला पाठवलं होतं. माझ्यापासून तर लागला नाही, या धास्तीने मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तिचा जंतू साध्या गोळ्यांना दाद देणारा आहे, तुमच्या जातीचा नाही. निदान ते पाप माझ्या माथी नव्हतं. पण दोन महिने, बरं वाटणं, साक्ष, आणि घरात सालोमीकाकू! ती पोर आता माझ्याच पायवाटेने निघाली होती, आणि वाट कुठे जाते ते मंडळीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. म्हटलं, साक्ष चार महिने पुढे ढकला. ते म्हणाले, "ताई, हे तुम्ही म्हणावं? तुमची साक्ष मी तिन्ही गावांत सांगितली. ती ऐकून माणसं देवाकडे आली. आता ती खोटी म्हटली तर त्या माणसांनी काय समजायचं?"

"त्यांच्यातल्या कुणी गोळ्या सोडल्या का, ते विचारलंत का साहेब?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही फितूर व्हायचं ठरवलंय."

शब्द लागला मला. देवाच्या घरात फितूर म्हणवून घेणं साधी गोष्ट नाही. याच चर्चमध्ये माझं लग्न लागलं, आईबापाची मातीही इथूनच निघाली. सगळ्यांनी तोंड फिरवलं तर मी जायचं कुठे? शुक्रवारी सकाळी गोळी घेऊन झाली तरी मी तशीच बसून राहिले. शांताबाईने विचारलं, मी सांगितलं.

ती ओट्यावर टेकली. साक्षीला ती गवाही म्हणते, जुन्या माणसांसारखं. "माज्या घरच्यानं एकदा कोर्टात गवाही फिरवली व्हती. मारामारी त्यानं डोळ्यानं बगितली व्हती. मोठ्या लोकांनी दम दिला, तर जज्जापुडं म्हनला, मी न्हाई बगितली. खऱ्यावरून खोट्यावर गेला, म्हून फितूर. मरूस्तर त्याला लोक तेच म्हनले." तिने शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "तू तर खोट्यावरून खऱ्याकडं चाललीस. त्याला फितूर न्हाई म्हनत. त्याला काय म्हनत्यात ते मला ठावं न्हाई, पर फितूर न्हाई."

ढोलकीवर हात

रविवारी साक्षीची वेळ आली. पाळकसाहेब कोमलचं नाव घेणार, त्याआधी मी उठले.

"मी इथंच हुबी राहून सांगितलं व्हतं की प्रभूनं मला बरं केलं. ती साक्ष मी माघारी घेते. प्रभूनं बरं करायला घेतलं व्हतं. अर्ध्यातून मीच उटून आले. साक्षीला खोटं पाडायचं न्हाई म्हणून गोळ्या ज्वारीत लपवल्या, अन् मरायच्या दारातून परत आले."

आमच्याकडे कोणाची साक्ष लांबली की गाणं सुरू करतात. त्या माणसाने मुकाट बसावं, असा त्याचा अर्थ. सालोमीकाकूंनी टाळी धरली, पेटी वाजली, ढोलकीवर थाप पडली. माझा आवाज बुडाला. तेवढ्यात शांताबाई बायकांच्या रांगेतून उठली, लंगडत पुढे गेली आणि ढोलकीवर पंजा ठेवला.

"थांब रं जरा. गवाही चाललीय."

ढोलकी थांबली, मग पेटी थांबली, शेवटी काकूंची एकटीची टाळी राहिली आणि तीही थांबली.

मला आता राग आवरेना, आणि आवरायचाही नव्हता. "मी साक्षीला बरी व्हते, तर लाल ठिपक्याचा पेला कामून ठेवला? गोळ्या चालू हायत, जपायला पाहिजे, असं वाटलं ना? बरोबरच वाटलं! मग गोळीवर तुमचा विश्वास व्हता की. मी ती सोडावी असं वाटताना मात्र माझ्या एकटीचाच विश्वास मोजायला बसलाव तुमी. कोमल, तू साक्ष दे. जरूर दे. पण शेवटची पट्टी रिकामी झाली म्हंजी दे. प्रभू कुटं पळून जायलाय?"

मी बसले. आमेन कोणी म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी कोमलचं नाव घेतलं नाही, सरळ प्रार्थना सुरू केली. दर रविवारी दारात हात हातात घेऊन 'जय ख्रिस्त' म्हणणारी माणसं चपला शोधण्यात गुंतली. त्या दिवशी चपला फारच हरवल्या होत्या. याकोब मात्र माझी पिशवी घेऊन बाहेर उभा होता. एरवी तो मंडळीत माझ्याशी फटकून चालतो, त्या दिवशी शेजारून चालला.

सोमवार, सकाळी आठ

मी मंडळी सोडली नाही. पुष्कळांनी तसं सुचवलं, जवळच्यांनीही. का सोडू? ती त्यांची आहे तेवढीच माझी आहे. विहिरीत कोणी ढकललं म्हणून गावचं पाणी सोडतं का माणूस?

सोमवारी आठला मी सालोमीकाकूंच्या दारात गेले. काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"कामून आलीस?"

"कोमलची गोळी बघायला."

"भर मंडळीत आमची अब्रू काढलीस. आता घरात शिरायलीस का?"

"घरात न्हाई येत. अंगणातच थांबते. माझीबी अंगणातच व्हायची."

काकू हलल्या नाहीत, मीही हलले नाही. शेजारणी भांडी घासायच्या थांबल्या. आतून पट्टी चुरचुरल्याचा आवाज आला. त्या आवाजाला मी झोपेतही ओळखीन. कोमल सासूच्या बाजूने अंग चोरून बाहेर आली, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात गोळ्या. माझ्यासमोर उभी राहिली आणि न सांगता आ केला. गोळ्या टाकल्या, पाणी प्याली.

"जीब वर कर," मी म्हणाले.

तिने केली. तोंड रिकामं होतं.

मी डोळे मिटले. "प्रभू, आजची गोळी आत गेली. उद्याचीबी जाऊ दे."

कोमल हळूच आमेन म्हणाली. मी डोळे उघडून काकूंकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी तशीच उभी राहिले. आज आमेन नाही म्हटलं तर उद्या म्हणतील. मला चार महिने रोज यायचं होतं.